नाशिकला न गेलेली गोष्ट

रश्मीबाईंचा फोन आला तेव्हा मी तुळशीपाशी होते. पाणी घालून, प्रदक्षिणा होऊन हातातली माळ पुरी होईपर्यंत मी कोणाशी बोलत नाही. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून फोन यांनी उचलला आणि पलीकडच्या बाईंना सांगितलं, "ती मौनात आहे, थोड्या वेळानं करा." नंतर मला म्हणाले, त्या बाई एकदम गप्पच झाल्या, त्यांना वाटलं घरात काही बरंवाईट झालं.

रश्मीबाई नागपूरच्या एका दिवाळी अंकाच्या संपादक. त्या अंकाला मी कितीतरी वर्षं गोष्टी पाठवत आले. होकार कधी आला नाही, नकारही नाही. पाठवायची आणि कामाला लागायचं. इथे छत्तीसगडात, भिलाईत, आमचं मराठी मंडळ आहे, ते गणपतीत स्मरणिका काढतं, तिच्यात माझं काही ना काही असतं. पण ती स्मरणिका तुळसाबाईला पाठवली की ती म्हणते, "हे तं तुमचंच तुमी लिहिता आन् तुमचंच तुमी छापता."

तुळसाबाई माझी मोठी बहीण. तुमसरकडे, आमच्या माहेराच्या गावातच दिलेली. तिचा मुलगा मास्तर आहे. तो दर दिवाळीला हाच अंक घरी आणतो आणि तुळसाबाई तो पहिल्या पानापासून राशिभविष्यापर्यंत वाचून काढते. लग्न होऊन मी इकडे आले तेव्हापासून माझ्या संसाराचं तिला फारसं ठाऊक नाही. फोनवर माणूस तब्येत सांगतो, पाहुणेरावळे सांगतो, संसार सांगत नाही. माझी एक गोष्ट तिनं त्या अंकात वाचावी, एवढी इच्छा मी धरून होते. देवाजवळ कधी मागितली नाही. असलं काही मागायचं नसतं. पण होती.

त्यामुळे रश्मीबाईंनी पुन्हा फोन करून "तुमची कथा घेतोय आम्ही" म्हटलं, तेव्हा मौन सुटलेलं असूनही मला बोलता आलं नाही.

"फक्त एक करा, अन्नपूर्णाताई," त्या म्हणाल्या. "कथा भिलाईतून बाहेर काढा."

कारण त्यांनी नीट समजावून सांगितलं. अंक स्टँडवर विकला जातो. वाचणारा माणूस गाडीत वाचतो, डब्याच्या सुट्टीत वाचतो, फराळाचं सगळं आटोपल्यावर बाई जरा पाय लांब करून वाचते. तिच्यापुढे भिलाई आली की पहिला प्रश्न, तिथे मराठी माणसं कशी? मग सेक्टर म्हणजे काय, क्वार्टर कोणाचं, ब्रिगेड म्हणजे पोलिसांची का, हे सगळं सांगत बसावं लागतं. नाशिक केलं तर काही सांगायला नको. कथा तीच, माणसं तीच. "वाचक आत शिरताना अडखळायला नको, एवढंच," त्या म्हणाल्या. आवाज गोड होता आणि बोलणं मला पटलं. मी हो म्हटलं. चार-आठ दिवसांत पाठवते म्हटलं.

फोन ठेवला आणि तुळसाबाईला लावला. मी थांबायला हवं होतं, पण नाही थांबले. नाशिकचं तिला सांगितलं नाही, तेवढं महत्त्वाचं वाटलं नाही. संध्याकाळी तिचाच फोन आला. शेजारीपाजारी, मुलाच्या शाळेतल्या बाया, भजनीमंडळ, साऱ्यांना सांगून झालं होतं.

आता ती गोष्ट काय होती ते सांगते. रविवारची सकाळ. घरात नवराबायको, मुलगा, सून. पोह्यांच्या बशा पुढे आहेत आणि मुलगा सांगतो की त्याला परदेशात नोकरी मिळाली. बाप पेपर वाचत राहतो. आई त्याच्या आवडीचा शिरा करायला उठते आणि रवा भाजता भाजता डोळे पुसते. शेवटी बाप पेपर खाली ठेवतो आणि मुलाच्या डोक्यावर हात ठेवतो. खिडकीतून स्टील प्लांटच्या धुराच्या चिमण्या दिसतात, मध्ये एकदा भोंगा होतो, बाप पावर हाउस नावाच्या वस्तीतल्या बाजारातून जिलेबी आणतो. मंडळात वाचली तेव्हा दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावला होता.

माझी सून समीक्षा शाळेत शिकवते. माहेर दुर्गचं, वडील रेल्वेत. माझा प्रवीण नंदिनी गावच्या चुनखडीच्या खाणीत आहे, त्याचा साप्ताहिक ऑफ गुरुवारी असतो आणि हिची सुट्टी रविवारी, म्हणून रविवारी दुपारी ती माझ्याजवळ बसते. माझ्या हातानं लिहिलेल्या गोष्टी तिनंच कॉम्प्युटरवर चढवल्या आहेत. तिला मी रश्मीबाईंचं सांगितलं. मी चहा ठेवायला गेले. आधण येऊन पत्ती पडते न पडते तोच तिनं हाक मारली.

"आई, हो गया."

"काय झालं?"

"नाशिक. भिलाईच्या जागी नाशिक टाकलं, सेक्टरच्या जागी कॉलनी, क्वार्टरचं फ्लॅट. चिमणीचा देवळाचा कळस केला, भोंग्याची घंटा. पावर हाउसचं मेन रोड. बाकी सब सेम."

मला वाटलं, घाईत काहीतरी राहिलं असेल. चहा बाजूला ठेवून मी पहिल्यापासून वाचत गेले. काही राहिलं नव्हतं. नाशिकच्या फ्लॅटमध्ये तीच माणसं तसेच पोहे खात होती. बाप मेन रोडवरून जिलेबी आणत होता. खिडकीतून कळस दिसत होता, तर उलट बरं वाटत होतं, आई रवा भाजताना कळसाकडे बघते म्हणजे काहीतरी मनातल्या मनात म्हणत असेल असं वाटत होतं. कुठेही एक वाक्य अडलं नाही.

"चांगली जमली," समीक्षा म्हणाली. "मी शाळेत जाता-येता मोबाइलवर गोष्टी ऐकते ना, बिलकुल तश्शी. त्यातही असंच असतं आई. शहराचं नाव घेतात, पण एक फ्लॅट असतो, एक कॉफीचं दुकान असतं, बाल्कनी असते. पुणे म्हणा, इंदूर म्हणा. ऐकायला मस्त वाटतं, थकवा जातो."

ती मनापासून बोलत होती आणि मला तिचा राग यायचं कारण नव्हतं. पण चहा पिताना मला एकसारखा एक पडदा आठवत होता. पूर्वी पावर हाउसला एक फोटो स्टुडिओ होता. तिथे मागे रंगवलेला पडदा असायचा, निळं तळं, दोन हंस, पलीकडे बर्फाचा डोंगर. आमच्या ओळीतल्या प्रत्येक घरात त्या तळ्यापुढचा एक फोटो आहे. फोटोतली माणसं खरी आहेत, कपडे खरे आहेत, कडेवरचं मूल रडतंय तेही खरं आहे. तळ्याशी मात्र कोणाचं काही देणंघेणं नाही. पडदेवाल्यानं ताजमहाल लावला असता तरी मूल तसंच रडलं असतं. मी इतकी वर्षं समजत होते की माझ्या गोष्टीत भिलाई आहे. चिमणी लिहिली, भोंगा लिहिला, म्हणजे भिलाई आली असं वाटायचं. ती मागे टांगलेली होती. तळ्यासारखी.

हे बाहेरच्या खोलीत दिवाणावर पडले होते. रश्मीबाईंना शब्द दिलेला होता, म्हणून समीक्षानं नाशिकची गोष्ट त्यांना पाठवून दिली आणि मग यांना वाचून दाखवली. ऐकून झाल्यावर म्हणाले, "नशीबवान आहे बापा तुया नाशिकवाला."

"कावून?" मी विचारलं.

"रविवारी घरी असते. मी कवा होतो?"

"भिलाईचा होता तेव्हाही रविवारीच घरी होता," समीक्षा म्हणाली. "तेव्हा नाही बोललात, बाबा."

"तवा कोणी मले वाचून दाखवली?" असं म्हणून ते कूस बदलून झोपले.

त्यांचं खरं होतं. प्लांटच्या कोक ओव्हनमध्ये, कोळसा भाजायच्या भट्ट्यांवर, हे उभी नोकरी करून निवृत्त झाले. भट्टी रविवार पाळत नाही, म्हणून माणसांचे ऑफ आठवडाभर वाटून दिलेले असतात, कोणाचा मंगळवार, कोणाचा शुक्रवार. यांचा वर्षानुवर्षं सोमवार होता. रविवारी सकाळी सगळे घरी आहेत, पोहे होताहेत, बाप पेपर वाचतो आहे, अशी सकाळ मुलं लहान असताना आमच्या क्वार्टरमध्ये कधी उगवलीच नाही. मी ती लिहिली, कारण आजवर जेवढ्या गोष्टी वाचल्या त्या सगळ्यांत ती होती. गोष्टीतलं घर म्हटलं की रविवार असायचाच, असं मी धरून चालले होते. मंडळातल्या बायाही सगळ्या प्लांटवाल्यांच्याच. एकीलाही खटकलं नाही. त्यांनीही त्याच गोष्टी वाचल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सोमवारच होता, श्रावणातला. पहाटे मौनात तुळशीभोवती फिरताना मन माळेवर ठरेना. आमचे जुने सोमवार पुढे यायला लागले. मी दोन वेळा माळ पहिल्या मण्यापासून धरली, मग म्हटलं, येऊ द्यावं.

सोमवारचा उपास मी माहेराहून घेऊन आले. मरेपर्यंत सोडायचा नाही असं आईजवळ बोललेली. आणि यांच्या घरी, म्हणजे तशी सगळ्याच प्लांटवाल्यांकडे, ऑफच्या दिवशी मटण. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेलं की एकमेकांना पहिलं विचारतात, काल काय बनलं? लग्नानंतर पहिले काही महिने हे सोमवारी मुकाट्यानं वरणभात खायचे आणि मंगळवारी ड्युटीवर खोटं सांगायचे. मला ते एका शेजारणीकडून कळलं, तिच्या नवऱ्यानं आमच्या घरच्या मटणाची तिच्याजवळ तारीफ केली होती. मी यांना म्हटलं, मी करून देते. म्हणाले, उपासाच्या दिवशी तुझ्या हाताला तो वास नको. मग एका सोमवारी सायकलच्या हँडलला पिशवी लटकवून आले, कॅरिअरवर लोखंडी सिगडी बांधलेली. मागच्या अंगणात भिंतीला टेकवून सिगडी मांडली आणि स्वतः शिजवायला बसले.

त्यांना चहाही धड येत नव्हता. मी स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसले. उंबऱ्याच्या आत मी, माझ्या वाटीत भगर. उंबऱ्याबाहेर ते आणि त्यांचं पातेलं. मी आतून सांगायची, आता कांदा लाल होऊ द्या, आता हळद, आता झाकणावर पाणी ठेवा. ज्या पदार्थाला त्या दिवशी हात लावायचा नाही, तो मी तोंडानं शिजवत होते. मुलं झाली, शाळेत जायला लागली, तरी सोमवार तसाच राहिला. बाकी दिवस हे शिफ्टवरून येऊन झोपायचे, नाइट असली तर दिवसभर घरात कुजबुजत वागावं लागायचं. सोमवारी मात्र मटण शिजायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ दोघांना बोलण्याशिवाय काम नसायचं. प्रवीणला कोणत्या शाळेत घालायचं, गावच्या वाटणीत काय म्हणायचं, माझं दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळचं दुखणं डॉक्टरला दाखवायचं की नाही, आमच्या संसारातलं जे काही ठरलं ते त्या उंबऱ्यावर ठरलं.

पुढे यांची ब्रिगेड, म्हणजे शिफ्टची टोळी, बदलली आणि ऑफ शुक्रवारी आला. शेजारणी म्हणाल्या, सुटलीस बाई. मीही तेच म्हटलं. शुक्रवारी मटण माझ्या गॅसवर आलं, मी केलं, ताटात वाढलं, हे जेवले आणि झोपले. पुढचे कितीतरी शुक्रवार तसेच गेले. घरात भांडण नाही, तंटा नाही, आणि बोलणंही नाही. मग एका शुक्रवारी पाहते तर यांनी माळ्यावरून सिगडी काढली होती आणि अंगणात कोळसे फुंकत बसले होते.

मी म्हटलं, "आज उपास नाही माझा."

म्हणाले, "मले ठाऊक आहे."

मी पाट घेतला आणि दारात जाऊन बसले.

एवढंच होतं सगळं. माळ पुरी झाली, मी आत आले, देवापुढे दिवा लावला आणि लिहायला बसले. दोनतीन दिवस दुपारी तेच केलं. यात रडण्यासारखं कोणी काही करत नव्हतं. चिमणी एकदाही आली नाही, भोंगाही आला नाही, मला ते लिहायचं सुचलंच नाही. लिहून झाल्यावर यांना विचारणं भाग होतं, कारण पातेलं त्यांचं होतं. जेवण झाल्यावर वाचून दाखवलं. ते दिवाणावर छताकडे पाहत ऐकत होते.

"लोक म्हणतीन, नवऱ्याले बाहेर बसवून जेवू घाले," ते म्हणाले.

"मग नको पाठवू?"

त्यांनी डोक्याखालची उशी सारखी केली. मग म्हणाले, "पाठव. पण पहिल्या खेपेला मीठ दोनदा पडलं होतं, ते लिहायची काय गरज होती?"

मी ते काढलं नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.

रविवारी समीक्षानं गोष्ट कॉम्प्युटरवर चढवली. या वेळी मीच म्हटलं, हिला नाशिकला नेऊन पाहा. गंमत म्हणून नाही, मला बघायचं होतं. तिनं क्वार्टरचं फ्लॅट केलं, तर मागचं अंगण गेलं. म्हटलं, बंगला कर. बंगला केला. पण मग नाशिकचा माणूस सोमवारी घरी कसा?

"दुकान आहे म्हणा," समीक्षा म्हणाली.

आतल्या खोलीतून हे म्हणाले, "सोमवारी न्हाव्याचं बंद असते. न्हाव्याची गोष्ट होईन."

ती हसली आणि सोमवार काढून तिथे रविवार घातला. मग एकेक करून सगळं सुटत गेलं. रविवार केला की उपास राहत नाही. उपास नाही तर सिगडी बाहेर कशाला जाईल? आणि मुलं घरी असतात, ती सारखी अंगणात. दोघं दारात बसून बोलणार कधी? शेवटी तिच्यासमोर नुसती मटण करायची कृती उरली. समीक्षानं कीबोर्डवरचे हात काढले. मग हळू आवाजात, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "हमारा तो गुरुवार-रविवार चालू आहे. आमची सिगडी कुठे ठेवायची, आई?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं रविवार पुसून पुन्हा सोमवार लिहिला आणि गोष्ट रश्मीबाईंना पाठवून दिली. सोबत मी दोन ओळी सांगितल्या, की आधीची नको, जमलं तर ही घ्या.

रश्मीबाईंचा फोन दोन दिवसांनी आला. मोकळेपणानं बोलत होत्या. म्हणाल्या, "अन्नपूर्णाताई, वाचली. रात्री नवऱ्यालाही वाचून दाखवली. मी हिला नाशिकला न्यायचा प्रयत्न करून पाहिला."

"आम्हीही केला," मी म्हटलं.

"जात नाही."

"नाही जात."

मग त्यांनी सरळच सांगितलं. ही गोष्ट चांगली आहे, पण त्यांच्या अंकाची नाही. हिच्यात वाचकाला आधी ऑफ समजून घ्यावा लागतो, मग उपास, मग ते दोन एकत्र कसे आले ते. तेवढं थांबायला त्यांचा वाचक तयार नसतो, आणि त्यात त्याची चूक नाही, तो दिवसभर थकून आलेला असतो, त्याला ओळखीच्या घरात जाऊन बसायचं असतं. दुसऱ्या एका त्रैमासिकाचं नाव त्यांनी सांगितलं, तिथे पाठवा म्हणाल्या, वेळ लागेल, पण पाठवा. आणि मग म्हणाल्या, "नाशिकची माझ्याकडे लावून तयार आहे. चित्रही काढून झालंय, शिऱ्याच्या कढईचं. आज पानं छपाईला सोडायची आहेत. तुम्ही हो म्हणा, मी सोडते."

तुळसाबाई डोळ्यांपुढे आली. तिचं भजनीमंडळ आलं. नुसतं हो म्हणायचं होतं. खोटं त्यात काहीच नव्हतं, मुलं परदेशी जातात, आया शिरा करतात, आमच्या ओळीतच चार घरं तशी आहेत. कोणी थकलेली बाई ती वाचून दोन मिनिटं हलकी झाली असती, तर तेही पुण्याचंच काम. मी हे सगळं मनात बोलले आणि तरी हो तोंडातून निघेना.

"ती गोष्ट वाईट नाही, रश्मीबाई," मी म्हटलं. "पण ती लिहायला मीच कशाला पाहिजे? ती कोणीही लिहील. नका छापू."

"नक्की? या वर्षी मग जागा नाही राहणार. पुढच्या वर्षीचं मी आत्ता बोलत नाही."

"नक्की."

त्यांनी बरं म्हटलं. रागावल्या नाहीत, पण घाईत होत्या. त्या पानांवर दुसरं काही शोधायचं होतं त्यांना.

तुळसाबाईला सांगायला मला पुढचा सगळा दिवस गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी फोन लावला. या वर्षी माझी गोष्ट येत नाही, एवढंच सांगितलं. ती म्हणाली, "मी तं साऱ्यायले सांगून बसली. आता कोणतं तोंड दाखवू? त्यायनं नाही म्हटलं का तुनं?"

"मीच नाही म्हटलं."

"तुले काही समजते का वं?" ती म्हणाली. माझ्याहून मोठी आहे, लहानपणापासून अशीच बोलते. मी ऐकून घेतलं. नाशिकचं सांगायचा प्रयत्न केला, पण फोनवर ते नीट सांगता येईना, आणि तिला त्यात रसही नव्हता. तिला एकच कळत होतं, की अंकात बहिणीचं नाव येणार होतं आणि आता येणार नाही. बराच वेळ ती बोलत राहिली, मास्तरला काय सांगू, शेजारणीला काय सांगू. मग थकली आणि म्हणाली, "मंग हाये कोठी ते तुयं लिहिलेलं? जवळ आहे का? वाच. इतकं काय सोन्याचं लिहिलं, पाहू तं दे."

मी चष्मा लावला, कागद घेतले आणि वाचायला लागले. दारातल्या पाटावर बसून वाचत होते, हे अंगणात जास्वंदीला आळं करत होते. दोनचार ओळी झाल्या असतील तोच तिनं थांबवलं.

"थांब. सोमवारी तुया नवरा घरी कावून?"

"ऑफ राहे ना त्याईले. सोमवारचा ऑफ."

"आन् रविवारी?"

"रविवारी ड्युटी."

"दर रविवारी?"

"दर रविवारी. लागोपाठ कितीतरी वर्षं."

पलीकडून काहीच आवाज आला नाही. मला वाटलं, फोन कटला. मी हॅलो हॅलो केलं.

"आहे, आहे मी," तुळसाबाई म्हणाली. आवाज खाली आला होता. "आमच्या घरची सारी लग्नं, बारशी, साखरपुडे रविवारी होत. तू दरखेपी एकटी येये. पोरायले घेऊन, एकटी. तू म्हणे ड्युटी आहे, आमाले तो बहाना वाटे. आई मरेपर्यंत म्हणत राहिली, अन्नपूर्णेचं त्याच्याशी काही जमत नाही, म्हणून तो येत नाही. आमीबी तेच समजून होतो. तुले कवा विचारलं नाही, का उगाच तुले दुखीन म्हणून."

मी अंगणात पाहिलं. हे उकिडवे बसून खुरप्यानं माती सारखी करत होते. त्यांना यातलं काही ऐकू जात नव्हतं. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली.

"जमत होतं," मी म्हटलं.

"हं," ती म्हणाली. मग नाक ओढल्याचा आवाज आला आणि तिचा नेहमीचा सूर परत आला. "बरं, सोमवारी तं तुया उपास. मंग मटण शिजवे कोण?"

"ते पुढे आहे," मी म्हटलं आणि पुढची ओळ वाचायला लागले.